खांबावरची गळती

“पाण्याची बाटली? टोपी? दुपट्टा? आणि कांदा? हसू नका हो, खिशात कांदा ठेवा. नागपूरचं ऊन आहे हे, पुण्याचं नाही.”

माझ्या फेरीला आलेल्या पाहुण्यांना मी आधी असं दरडावते, मग शहर दाखवते. मृणाली बारापात्रे माझं नाव. लग्नाच्या आधीपासून हाच धंदा, लोकांना पायी नागपूर दाखवायचं. बाई फटकळ आहे म्हणतात. आहेच! फटकळ नसते तर ही गोष्ट घडली नसती, तेव्हा निमूट ऐका.

आधी मनगटपट्टीचं सांगते. काही वर्षांपूर्वी उन्हाळा इतका चढला की वैशाखात माणसं रस्त्यात पडायला लागली. तेव्हा शीतनगर महामंडळ नावाचं एक प्रकरण उभं राहिलं. त्यांनी वस्तीवस्तीत एकेक ताप-खांब लावला. पुरुषभर उंचीचा लोखंडी दांडा, वर फटींची पांढरी पेटी, आणि पेटीत तापमान मोजायचं यंत्र. सगळ्या खांबांचे आकडे एका नकाशावर जातात आणि नकाशा वस्त्यांना रंग लावतो. बाकीच्यांपेक्षा गार असेल ती वस्ती निळी, बाकीच्यांपेक्षा तापलेली ती लाल. हा नकाशा प्रत्येकाच्या मनगटावरच्या पट्टीत. भरदुपारी लाल वस्तीकडे पाऊल वळलं की पट्टी हातावर अशी थरथरते की जीव नकोसा होतो. लाल वस्तीत बस शिरत नाही, पार्सलवाला शिरत नाही, आणि माझ्यासारखीनं पाहुणे नेले तर परवाना रद्द.

चांगलंच आहे की, म्हणाल. मीही म्हणत होते. पण ज्या वस्तीत कोणी पाऊलच टाकत नाही, तिचं काय होतं? दुकानं बसतात. सोयरीक करायला लोक कचरतात. वर नियम असा, की लागोपाठ तीन उन्हाळे लाल राहिलेली वस्ती ‘राहण्यास अयोग्य’ म्हणून रिकामी करायची आणि माणसं शहराबाहेरच्या बंद इमारतींत नेऊन ठेवायची.

आमचा ताटेपुरा दोन उन्हाळे लाल होता. हा तिसरा.

ताटेपुरा म्हणजे इतवारीच्या मागची वस्ती, खसच्या ताट्या विणणाऱ्यांची. कूलरला तीन बाजूंनी गवताची जाळी लावतात ना, पाणी पडलं की घरभर वास सुटतो, ती ताटी. माझा जन्म तिथला. आईवडील लवकर गेले. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, निशिकांतला, द्वारकाआत्यानं वाढवलं. आत्या अजून तिथंच राहते आणि पंचाहत्तरी उलटली तरी ताट्या विणते. बंद इमारतीचं नाव काढलं तेव्हा तिनं मला स्वच्छ सांगितलं, “मी नाई जात. मले न्याचं असन तं खाटेसकट न्या, आन् सिध्धं घाटावर न्या.”

आणि मी काय करत होते? पोटासाठी नीलनगर दाखवत होते.

नीलनगर शहराच्या पार पश्चिमेला, महामंडळाची लाडकी वसाहत. तिथं धुक्याचे मनोरे आहेत. दुपारभर ते हवेत पाण्याचे इतके बारीक कण सोडतात की अंगावर पडलेले कळतही नाहीत. ते कण विरताना हवेतली उष्णता ओढून घेतात. बाहेर त्रेचाळीस असलं तरी नीलनगरच्या चौकात एकतीस. लोक टळटळीत दुपारी बाकावर बसून संत्र्याचं आइस्क्रीम खातात. पाहुणे खूश. मी रोज तेच बोलायचे, हे काचेचं मार्केट, हे कारंजं, हा सेल्फीचा पूल. माझा मलाच वीट यायचा. नागपूर म्हणजे हे होय? माझा भाऊ निशि तिथंच राहायचा आणि महामंडळात ताप-खांबांच्या खात्यात इंजिनीअर होता. त्याच्याकडे चहा प्यायला गेले की ताटेपुऱ्याचा विषय आम्ही दोघंही टाळायचो.

मग चैत्रात एके दिवशी पट्टीनं फेरीसाठी नवीन वस्ती सुचवली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ताटेपुरा! नुसता निळा नाही, गडद निळा. अख्ख्या नागपुरातली सगळ्यात थंड वस्ती.

बाप्पा! मी काय नाचले म्हणून सांगू. विचार कशाला करायचा? दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांची टोळी घेऊन पोचले.

महिनाभरात आमच्या गल्लीचं रूप पालटलं. बंद पडलेली बस सुरू झाली. भगवंत निखाऱ्यानं तर्री-पोह्याची गाडी पुन्हा लावली. आत्याच्या ओट्यावर पाहुणे बसायचे, ती खस कशी निवडायची, काडी कशी वळवायची ते दाखवायची, आणि पाहुण्यांनी चुकीचं विणलं की हातावर चापटी मारायची. माणसं चापटी खाऊन वर आभार मानायची. मला वाटलं, वाचलो. आता कोणाची छाती आहे ताटेपुरा रिकामा करायची?

एक गोष्ट मात्र खटकायची. वस्ती थंड, मग मला तिथं इतकं घुसमटायला का होतं? अंग चिकचिक करायचं, घाम वाळायचाच नाही. आत्याही कुरकुरायची. “कूलर नुस्ता वारा फेकून राह्यला, पोरी. गारवा म्हणून नाई. फकत मंगळवारी बरा चालते. टेकडीच्या गणपतीची किरपा, दुसरं काय.” मी हसण्यावारी नेलं.

त्यानंतरच्या शनिवारी पुण्याचे देवस्थळी नवरा-बायको फेरीला होते. काका सत्तरीचे, निवृत्त प्राध्यापक, बोलायला रसाळ. भगवंताच्या गाडीपाशी पोह्याची ताटली हातात घेऊन ते मला तर्रीचा इतिहास विचारत होते आणि बोलता बोलता खाली बसले. बसले कसले, कोसळले. आम्ही चौघांनी उचलून आत्याच्या खाटेवर घातलं. आत्यानं ओली चादर टाकली, कूलर पूर्ण सोडला. काकांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि एक थेंब वाळत नव्हता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी काखेत बर्फ ठेवला, सलाइन लावलं. बऱ्याच वेळानं काकांनी डोळे उघडले. तेवढा वेळ मी खाटेचा पाय धरून बसले होते.

देवस्थळीकाकू माझ्यापुढे मनगट धरून उभ्या राहिल्या. “ही पट्टी तर सांगतेय की शहरातली सगळ्यात थंड जागा आहे! तुम्हीही तेच सांगितलंत!”

मी तशीच उठले आणि आत्याच्या घराच्या बाजूला असलेल्या ताप-खांबाकडे गेले. रोज त्याच्यासमोरून जात होते, पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. आपल्याच गल्लीतल्या खांबाकडे कोण बघतं?

पांढरी पेटी दिसतच नव्हती. तिला चहूबाजूंनी खसची ताटी गुंडाळली होती, नीट शिवून, खोळीसारखी. आणि वर, आत्याच्या खिडकीच्या गजातून काढलेल्या काठीला, एक मडकं टांगलेलं. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात वात, आणि वातीवरून टप टप पाणी त्या खोळीवर. महादेवाच्या पिंडीवर उन्हाळ्यात गळती बांधतात, अगदी तशी गळती.

“आत्या!” मी ओरडले. “हे काय आहे?”

आत्या दारात आली. “काय म्हंजे? गळती हाय.”

“खांबाला गळती?”

“मंग? बिचारं दिवसभर उघड्यावर उभं राह्यते. हात लावला तं चटका बसे. चैत्रात महादेवाले गळती बांधून आली, तवा मनात आलं, हे बी आपल्याचसाठी उभं हाय ना तापत? याले काहून नाई? तुळशीले पाणी घालते तवाच याचं मडकं भरते. तुहं काय अडलं?”

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. आत्यानं सरकारी यंत्राला कूलर बसवून दिला होता. ते आत बसून गार वारा खात होतं आणि अख्ख्या शहराला कळवत होतं, या या, इथं फार छान हवा आहे.

मी निशिला बोलावलं. फोनवर काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, आत्ताच्या आत्ता ये. तो पोचला तेव्हा देवस्थळीकाका खाटेवर बसून लिंबूसरबत पीत होते. निशिनं खांब पाहिला, मडकं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“ताई, हे काढावं लागेल. कोणाला कळायच्या आत.”

“काढलं की काय होईल?”

“खरा आकडा येईल.”

“म्हणजे लाल. तिसरा उन्हाळा. म्हणजे पावसाळ्याआधी आत्याची खाट बाहेर.”

त्यानं खोळीला बोट लावून ओल पाहिली.

“मग आत्ताचा आकडा काय खोटा आहे?” मी विचारलं.

“खोटा नाही,” तो म्हणाला आणि तिथंच अडकला. लहानपणापासून निशिला खोटं बोलता येत नाही. आंबे मी चोरायचे आणि मार तो खायचा, कारण आत्यानं विचारलं की हा सगळं सांगून मोकळा.

“खोटा नाही म्हणजे काय? नीट सांग.”

त्यानं ओट्यावर बसून नीट सांगितलं. “हा ओल्या फडक्याचा आकडा आहे, ताई. फडक्यातलं पाणी वाळतं, वाळताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आकडा उतरतो. माणसाचं अंग तेच करतं. घाम वाळतो म्हणून आपण जगतो. हवा कोरडी असली की घाम झटकन वाळतो, म्हणून तर नागपूरकर पंचेचाळीसमध्येही लग्नाच्या वराती काढत आले. पण हवेतच पाणी भरलेलं असलं तर घाम नुसता गळतो. ओल्या फडक्याचा आकडा पस्तिसाला पोचला, तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसल्याबसल्या काही तासांत जातो. म्हातारी माणसं त्याच्या कितीतरी आधी कोसळायला लागतात.”

“आणि इथं किती आहे?”

“तीस.”

“आपल्या कोरड्या उन्हाळ्यात किती असायला हवा?”

“तेवीस. फार तर चोवीस.” तो हे बोलला आणि स्वतःच थबकला. त्यानं पिशवीतून टॅब काढला आणि या खांबाचे महिन्याभराचे आकडे चाळायला लागला.

आत्या म्हणाली, “मंगळवारचा पाय बरं. मंगळवारी गार राह्यते.”

निशिनं मंगळवार पाहिले. मग आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा उतरला होता.

“मंगळवारी मनोरे बंद असतात,” तो म्हणाला. “धुवायला.”

मला समजायला थोडा वेळ लागला, पण समजलं. नीलनगरात हवा गार होते, पण तिथं सोडलेलं पाणी हवेतच राहतं. वारा पश्चिमेचा. ती ओली हवा डांबरावरून, पत्र्यांवरून, अख्ख्या शहरावरून वाहत पूर्वेला येते, येताना पुन्हा तापते, आणि पाणी तिच्यात तसंच. आमच्यापर्यंत येते तेव्हा ती हवा नसतेच, ती भाताच्या पातेल्यावरची वाफ असते. म्हणून आत्याचा कूलर चालत नव्हता. आधीच ओल्या हवेला कूलर काय गार करणार? आणि म्हणून देवस्थळीकाका पडले. आमची वस्ती लाल ठरवणारेच आमच्याकडे वाफ पाठवत होते.

“महामंडळाला माहीत आहे?”

“करारात फक्त कोरडं तापमान मोजायचं आहे. ओलं मोजायचं असं कुठंच नाही.” तो घुटमळला. “मी एकदा बैठकीत विचारलं होतं.”

“मग?”

“मग मला बढती मिळाली.”

त्या वेळी माझं डोकं जे फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही. मी त्याला वाट्टेल ते बोलले. “आत्यानं ताट्या विणून तुला इंजिनीअर केलं आणि तू तिच्या श्वासात पाणी भरतोस? लाज नाही वाटत?” तो उठला आणि मडक्याकडे हात नेला. मी त्याचा हात धरला.

“हात लावू नकोस.”

“ताई, ही फसवणूक आहे. आणखी एखादा माणूस पडेल.”

“फसवणूक चालणारच नाही. आजपासून इथं पाटी लागेल की हा खांब ओला आहे. पण निशि, हा एकटा ओला आहे म्हणून खोटा वाटतो. सगळेच ओले केले तर?”

“खांबाला हात लावणं गुन्हा आहे.”

“मग लावू.”

“सगळे ओले झाले तर तुलनेत ताटेपुरा पुन्हा लाल होईल. तू स्वतःच्या हातानं...”

“होऊ दे लाल. पण एकटा होणार नाही.”

तो निघून गेला. मला वाटलं, भाऊ गेला तो गेलाच.

गल्लीला समजावणं त्याहून कठीण होतं. भगवंत निखारे तर भडकलाच. “बाई, दोन सालानंतर आत्ता कुठं गाडी लागली माझी, आन् तू तिच्यावर पाणी ओतून राह्यली? बस बंद होईन, पाव्हणे बंद होतीन. कोणाचं भलं हाय त्याच्यात?” त्याचं चुकत नव्हतं. बऱ्याच माना हलल्या. मी बोलायला तोंड उघडलं, पण आत्याच आधी उठली.

“भगवंता, तो पुण्याचा माणूस माह्या खाटेवर मेला असता, तं तुह्या गाडीवर पोहे खाल्ले असते का कोणी? पाव्हण्याले फसवून पोट भराचं नाई. आन् पळून जाऊन मराचं बी नाई. दोनी नाई.” एवढं बोलून ती खाली बसली आणि खोळी शिवायला घेतल्या. पेटीचं माप तिच्या हातात बसलेलंच होतं. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली तिच्या मापानं खोळी शिवत होती. भगवंतही. तोंडानं शिव्या देत, पण शिवत होता.

पुढच्या रविवारी, सकाळच्या उन्हात, मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फेरी काढली. जुन्यानव्या सगळ्या पाहुण्यांना निरोप दिला होता. “नागपूर दाखवते, सगळं, फुकट. प्रत्येकानं पाणी आणायचं.” इतकी माणसं येतील असं मलाही वाटलं नव्हतं. देवस्थळीकाकू पुण्याहून परत आल्या होत्या. काकांना डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून त्यांची टोपी काकूंनी घातली होती.

आधी इतवारी. मिरचीच्या पोत्यांमधून शिंकत शिंकत आम्ही चौकात आलो. एका किराणावाल्यानं देवघरातला तांब्या आणून दिला, “हा टांगा, माझ्या आजोबांचा आहे.” मोमिनपुऱ्यात बेकरीच्या दारातली सुरई मिळाली. पाचपावलीत एका हातमागवाल्यानं जुन्या लुगड्याच्या काठाची वात वळून दिली, म्हणाला, ही वर्षभर टिकेल. महालात लोकांनी खांबाला हळदकुंकूच लावलं. मी म्हटलं, अहो, पेटी सोडून लावा, यंत्र आहे. सीताबर्डीत फेरीवाल्यांनी दोरीसाठी चपलांच्या जोड्या बांधायचे बंद दिले. सदरमध्ये चर्चमधून बाहेर पडलेल्या एका मावशींनी बागेतली झारी आणली. धरमपेठेत कॉफीच्या दुकानातली पोरं स्टीलची किटली घेऊन धावत आली आणि विचारायला लागली, मॅडम, हे नेमकं कशासाठी? मी सांगितलं. “म्हणजे आमच्यावरूनही ती हवा जाते?” एकानं विचारलं. म्हटलं, जाते तर! तुमच्यावरूनच पुढं येते.

प्रत्येक खांबावर आम्ही पाटी लावली: ‘हा खांब ओला आहे. घामेजल्या अंगाला इथं कसं वाटतं, ते हा सांगतो.’ लपवाछपवी काही नाही. आणि गळती बांधून झाली की आत्या, जी रिक्षात बसून सगळीकडे हजर होती, खणखणीत आवाजात ओरडायची, “ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!” मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारा आमचा पुतळा, निघते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, हा होता वैशाख. पण नागपूरकराला ती हाक ऐकून गप्प बसता येतं का? अख्खा रस्ता ओरडायचा. पुण्याच्या काकूसुद्धा.

शेवटी नीलनगर. तिथंही बांधली. काचेच्या मार्केटसमोर, कारंज्याच्या बाजूला. एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या, त्यांनी तक्रार करायला फोन काढला, पाटी वाचली, आणि फोन परत पर्समध्ये ठेवला. तिथून थोडी पोरं मोटारसायकलींवर पुढं गेली आणि पलीकडच्या गावांतल्या खांबांनाही गळती बांधून आली.

दुपारी आम्ही सगळे आत्याच्या ओट्यावर नकाशाकडे डोळे लावून बसलो. मनोरे सुरू झाले. हळूहळू रंग बदलायला लागले. नीलनगर निळं, त्याच्या पलीकडची पश्चिमेची गावंही निळी. पण मनोऱ्यांच्या पुढं पूर्वेकडे एक पट्टा उमटला. धरमपेठ पिवळी. सीताबर्डी नारिंगी. महाल, इतवारी, मोमिनपुरा, पाचपावली आणि आमचा ताटेपुरा लालभडक. सुपातून भुसा उडावा तसा तो रंग मनोऱ्यांच्या पायापासून निघून अर्ध्या शहरावर पसरला होता. कुठून येतंय हे सांगायला आता इंजिनीअर लागणार नव्हता.

पट्टीवर फोन आला. महामंडळाचे साहेब. “बाई, काय केलंत कळतंय का तुम्हाला? शहराचा नकाशा बिघडवलात तुम्ही!”

“बिघडवला नाही, साहेब. ओला केला.”

“तुमचा परवाना रद्द होईल. खटला भरू. आणि तुमची वस्ती लाल आहे, नियम माहीत आहे ना?”

“माहीत आहे की! करा ना रिकामं,” मी म्हटलं. ओट्यावरचे सगळे ऐकत होते, म्हणून मी आणखी मोठ्यानं म्हटलं. “एकटा ताटेपुरा नाही, लाल आहे तेवढं सगळं करा. इतवारी करा, महाल करा. अर्धं नागपूर उचला आणि नेऊन ठेवा कुठं ठेवता ते. नाहीतर दुपारचे मनोरे बंद करा. दोनांतलं एक करा, आणि काय करताय ते मला कळवा.”

त्यांनी फोन आपटला. थोड्या वेळानं परवाना रद्द झाल्याचा निरोप आला. खरं सांगते, तो निरोप मी तीनदा वाचला. या धंद्यावाचून दुसरं काही येतच नाही मला.

उतरत्या उन्हात महामंडळाची गाडी गल्लीत शिरली. दोन कामगार आणि निशि. त्याच्या अंगावर महामंडळाचं जाकीट होतं. हुकूम होता की सगळ्या गळत्या संध्याकाळच्या आत उतरवायच्या, आणि सुरुवात ताटेपुऱ्यापासून, कारण आग इथून लागली. गल्लीतली माणसं खांबाभोवती जमली. कोणी हटेना. निशि माझ्या नजरेला नजर देईना.

“सरका,” आत्या म्हणाली. “येऊ द्या त्याले.”

“आत्या!”

“त्याचा खांब हाय. येऊ दे.” तिनं घरातून स्टूल आणलं आणि खांबापाशी ठेवलं. “चढ निशि. वरचं मडकं चिरलं हाय सकाळी, गळती नीट पडून नाई राह्यली. तूच पाय काय ते.”

निशि स्टुलावर चढला. खोळीला हात लावला. एका बाजूनं ती खरंच वाळली होती. तो तसाच उभा राहिला. त्याच्या जाकिटाची पाठ घामानं चिंब झाली होती आणि तो घाम वाळत नव्हता, हे खालून आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. त्यालाही कळत असणार. त्यानं जाकीट काढून कामगाराच्या हातात दिलं.

“ताई,” तो वरून म्हणाला, “दुसरं मडकं आहे का?”

मी आत पळाले. नवं मडकं पोटाशी धरून बाहेर आले. त्यानं चिरकं मडकं उतरवलं, नवं टांगलं, वात ओढून घेतली, खोळ फिरवून घट्ट बांधली. पहिला थेंब पडेपर्यंत तो बघत राहिला. मग तिथं उभ्याउभ्याच त्यानं ऑफिसला फोन लावला.

“ताटेपुऱ्याचा खांब दुरुस्त केला, साहेब. आता बरोबर दाखवतोय.” पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. निशिनं ऐकून घेतलं. “नाही साहेब. बाकीचे मी उतरवणार नाही. दुसऱ्या कोणाला पाठवा.”

तो उतरला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आत्यानं त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला, लहानपणी घालायची तसा, आणि म्हणाली, “भैताड. इतके दिवस कुठं होता? चाल, जेवून घे.”

त्यांनी दुसरे लोक पाठवले. उतरवलेल्या गळत्या दुसऱ्या सकाळी पुन्हा बांधल्या गेल्या, आम्ही न सांगता. इतवारीच्या किराणावाल्यानं तर आता तांब्याऐवजी हंडाच टांगलाय. ताटेपुरा अजून लाल आहे, पण रिकामा करायचा कागद आलेला नाही. अर्ध्या शहराला एकदम कागद धाडायची कोणाची हिंमत झालेली नाही. मनोरे आता आठवड्यातून तीन दुपारी बंद असतात, चाचणी म्हणून. आत्या म्हणते, देवानं मंगळवार वाढवले. निशिची नोकरी गेली आणि तो आमच्याच गल्लीत राहायला आलाय. धरमपेठेतल्या कॉफीवाल्या पोरांना घेऊन बाकीचे चार दिवस कसे बंद पाडायचे, याच्या मागे लागलाय.

परवाना? तो नाहीच मिळाला. फेऱ्या चालू आहेत. सकाळी या, लाल वस्त्या दाखवते, पट्टी घरी ठेवून या. पाण्याची बाटली आणा. अर्धी तुमच्यासाठी, अर्धी खांबासाठी. आणि कांदा विसरू नका.